चढणीच्या माशांना पहिले आठ दिवस मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून पऱ्ये-व्हाळ (लहान ओहोळ-ओढे) वाहते झाले, की कोकणातल्या वर्तमानपत्रांत आणि आता मोबाइलवरही चढणीच्या, म्हणजे पुराच्या पाण्याविरुद्ध वर चढून येणाऱ्या, माशांची छायाचित्रे दिसू लागतात. कमरेएवढ्या पाण्यात पाग (फेकायचे जाळे) टाकून उभे असलेले तरुण, काठोकाठ भरलेली टोपली, रात्री बत्तीच्या उजेडात कोयतीच्या एका घावाने आडवा केलेला मरळ, आणि खाली खवय्यांची चंगळ झाल्याची ओळ. ही चंगळ लहानपणी मीही अनुभवली आहे आणि तिच्यातला आनंद खरा असतो हे मला ठाऊक आहे. परंतु एकतीस वर्षे मत्स्यबीज केंद्रांवर माशांच्या विणीचे काम केल्यानंतर, त्या छायाचित्रांतल्या माशाच्या डोक्यात त्या रात्री नेमके काय घडलेले असते ते वाचकांसमोर मांडावे असे फार दिवस मनात होते. ते समजून घेतल्यावर निदान पहिल्या पुराचे आठ दिवस तरी या माशांना मोकळे सोडावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

डोक्यात असे म्हटले ते शब्दशः. माशाच्या मेंदूच्या तळाशी, कवटीच्या हाडातल्या एका लहानशा खोबणीत, पातळ पापुद्र्याखाली एक दाणा असतो. शाळेच्या पुस्तकांत त्याला पीयूषिका ग्रंथी म्हणतात, जुन्या पुस्तकांत पोष ग्रंथी असेही नाव आढळते. माणसात ती साधारण वाटाण्याएवढी आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. दोन-तीन किलोच्या माशात तिचे वजन काही मिलिग्रॅमच भरते. सेवेच्या पहिल्या वर्षांत पावसाळ्याच्या तोंडावर पहाटे मासळी बाजारात जाऊन पिकलेल्या कटला-रोहूची बर्फातली डोकी गोळा करणे हे आमचे काम असे. कवटीचा वरचा तुकडा हाडकात्रीने काढायचा, आतली चरबी कापसाने टिपायची, मग मेंदू मागच्या बाजूने हळूच उचलून बाजूला करायचा, की तळाशी तो पांढुरका दाणा दिसे. चिमट्याने पापुद्रा सोडवून तो न फुटता उचलला तर कामाचा, फुटला तर वाया. उचलल्याबरोबर तो निर्जल अल्कोहोल भरलेल्या गडद तपकिरी बाटलीत टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचे. बाटलीवर माशाची जात आणि ग्रंथी काढल्याची तारीख लिहिल्याशिवाय आमचे साहेब ती कपाटात ठेवू देत नसत.

तारखेचा हा आग्रह का, हे मला पुढे कळले, आणि माझ्या आजच्या विनंतीचे मूळही तिथेच आहे. विणीच्या तोंडावर आलेल्या पक्व माशाची ग्रंथी सर्वांत ताकदीची असते. तोच मासा अंडी सोडून रिकामा झाला, की त्याची ग्रंथीही जवळपास रिकामी होते आणि तिच्या अर्काने दुसऱ्या माशाची वीण होईलच असे सांगता येत नाही. म्हणजे ही ग्रंथी महिनोन् महिने काहीतरी साठवत राहते आणि पावसाळ्याच्या एखाद्या रात्री ते सारे एकदम रक्तात ओतून मोकळी होते.

साठवते ती संप्रेरके, म्हणजे रक्तातून जाणारे निरोप. पीयूषिकेची अनेक संप्रेरके आहेत. त्यांपैकी काही अवटू (थायरॉइड) आणि अधिवृक्क (अ‍ॅड्रीनल) ग्रंथींना चालना देतात, काही पाण्या-मिठाचा तोल सांभाळतात. आपल्या विषयाशी संबंध येतो तो तिघांचा. एक वाढीचे संप्रेरक. ते यकृताला जाऊन भिडते, यकृत इन्सुलिनसारखा दिसणारा एक वाढघटक तयार करते, आणि त्या दोघांच्या जोरावर हाडे व स्नायू वाढतात. उरलेली दोन जननग्रंथींना हुकूम देणारी. त्यांतले पहिले, ज्याला पुटकोद्दीपक संप्रेरक म्हणतात, ते अंडाशयातल्या बारीक अंड्यांना वाढीला लावते. त्या अंड्यांभोवतीच्या पेशींतून स्त्री-संप्रेरक पाझरते, ते यकृतात पोचते आणि यकृत बलकाचे प्रथिन बनवू लागते. ते प्रथिन रक्तातून अंड्यांत जाऊन साठते. माशाची गाबोळी भरते ती अशी. आपण तव्यावर परततो त्या गाबोळीतला पिवळा-केशरी कस हा मादीच्या यकृतातून, तिच्या स्नायूंतून आणि चरबीतून कणाकणाने काढून आणलेला असतो. दुसरे पीतपिंडकारी संप्रेरक. भरलेल्या अंड्याला शेवटचे पक्व करून अंडाशयातून सोडवणे हे त्याचे काम, आणि तेवढ्यासाठी ते थोड्या वेळापुरते पण एकदम मोठ्या प्रमाणात सुटावे लागते.

या ग्रंथीलाही हुकूम देणारा वर कोणीतरी आहे. मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग दिवस किती मोठा झाला, पाणी किती तापले, अंगात साठा किती आहे याची खबर घेत असतो आणि त्यानुसार पीयूषिकेला निरोप धाडतो. माणसात हा निरोप खास रक्तवाहिन्यांतून खाली उतरतो. बहुतेक माशांत तर चेतापेशींचे तंतू थेट ग्रंथीत शिरून तो पोचवतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चपासून दिवस मोठा होऊ लागतो, पाणी तापू लागते, आणि व्हाळाच्या कोंडीत, म्हणजे उन्हाळ्यातही पाणी उरणाऱ्या डोहात, अडकलेल्या माशाच्या डोक्यात ही तयारी सुरू होते. मे महिन्यात कोंडीतले पाणी गुडघ्याएवढे उरते, खायला फारसे काही नसते, वरून ऊन आणि बगळे, खालून माणसे. तरीही त्या माशाच्या अंगात जे काही शिल्लक असते ते गाबोळीकडे चाललेले असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याचे पोट टम्म असते आणि ग्रंथी भरलेली असते. आता उणीव असते ती फक्त शेवटच्या निरोपाची, आणि तो पुराच्या पाण्याबरोबर येतो.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. रोहू, कटला आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. नदीला पूर आला की काठाच्या उथळ पसरलेल्या पाण्यात ते वितात. तळ्यात ठेवले तर ते उत्तम वाढतात, जूनपर्यंत त्यांच्या पोटात अंडीही भरतात, पण तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी सोडत नाहीत. पावसाळा सरतो आणि ती सगळी अंडी मादीच्या पोटातच जिरून जातात. म्हणजे पुटकोद्दीपकाचे काम झालेले असते, पण पीतपिंडकारी संप्रेरकाचा तो एकदम सुटणारा लोंढा येत नाही, कारण मेंदूला पुराची खूणच मिळालेली नसते. या एका अडचणीमुळे आपल्या देशात कित्येक वर्षे तळ्यात सोडायचे मत्स्यबीज पुराच्या नद्यांतून जाळी लावून गोळा करावे लागे आणि त्यात हव्या माशांबरोबर नको ते मासेही येत.

अर्जेंटिनात बर्नार्दो उसे या शास्त्रज्ञांनी १९३० च्या सुमारास माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून त्याची वीण घडवून आणली होती; पुढे १९४७ साली त्यांना याच ग्रंथीच्या साखरेच्या चयापचयातील कार्यावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ब्राझीलमध्ये त्या पद्धतीने मत्स्यबीज काढण्याचे काम पुढे गेले. आपल्याकडे हा प्रश्न सोडवला तो डॉ. हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. के. एच. अलीकुन्ही यांच्या सोबतीने त्यांनी पीयूषिकेचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांची यशस्वी वीण करून दाखवली, आणि म्हणून आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. या माणसाने पुराची ती खूण मेंदूला वगळून थेट माशाच्या रक्तात नेऊन पोचवली. देशातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची उभारणी ज्या कामावर झाली, ते काम करणाऱ्याचे नाव आपल्या मुलांना शाळेत सांगितले जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आमच्या केंद्रावर आम्ही तेच करीत होतो. ढगाळ दिवस बघायचा, पाणी फार तापलेले नको. सुकवलेल्या ग्रंथी काचेच्या छोट्या कुटणीत थोड्या पाण्याबरोबर घोटायच्या, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी सिरिंजमध्ये भरायचे. मादीला वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम ग्रंथी पडेल एवढा पहिला डोस, सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅमचा दुसरा. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या डोसाच्या वेळी. सुई शेपटीजवळच्या मांसल भागात तिरकी, खवल्याखालून घालायची. मग एका मादीला दोन नर या हिशेबाने त्यांना हाप्यात, म्हणजे पाण्यात ताणून बांधलेल्या कापडी पेटीत, सोडायचे आणि कंदील बाजूला ठेवून गप्प बसायचे.

तीन-चार तास काही घडत नाही. मग हाप्याच्या एका कोपऱ्यात पाणी हलते, नर मादीच्या पोटाला धडका देत तिच्यामागे फिरू लागतात, शेपट्यांचा फडफडाट होतो आणि पहाटेपर्यंत शांत होतो. उजाडताना हात पाण्यात घातला की बोटांमधून भिजवलेल्या साबुदाण्यासारखी गोल, पारदर्शक, फुगलेली अंडी सरकून जात. एका मादीची लाखांनी अंडी. आणि त्यासाठी लागलेल्या ग्रंथी चिमटीत मावतील एवढ्या. चौदा ते अठरा तासांत त्यांतून डोळ्याला जेमतेम दिसणारी, वळवळणारी पिल्ले बाहेर येत. सेवेच्या शेवटच्या वर्षीही ती पहाट मला पहिल्या वर्षीइतकीच नवी वाटत असे.

ही बाब किती नाजूक आहे ते एका वर्षी कळले. मी ज्या केंद्रावर होतो तिथे बाटल्यांची बुचे सैल राहिली, अल्कोहोल उडून गेले आणि कोकणची ओल आत शिरली. ग्रंथी दिसायला तशाच होत्या. आठ माद्यांना टोचले, रात्रभर जागलो, हापे निश्चल. सकाळी सहा माद्या भरल्या पोटाने तशाच होत्या आणि दोन मरून तरंगत होत्या. अंडी होती, नर होते, पाणी होते, ऋतू होता. निरोप तेवढा बिघडलेला होता. त्या हंगामात आसपासच्या तळीवाल्यांना आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले.

नंतरच्या काळात ग्रंथी गोळा करण्याचे काम उरले नाही. हाव-रान लिन आणि रिचर्ड पीटर या संशोधकांच्या कामातून कार्प माशांविषयी एक गोष्ट पक्की झाली: मेंदू पीयूषिकेला केवळ पुढे हो म्हणून थांबत नाही, तो डोपामिन नावाच्या रसायनाने तिला मागेही ओढून धरतो. पुराची खूण मिळेपर्यंत हा लगाम सुटत नाही. म्हणून ओव्हाप्रिमसारख्या औषधांत दोन गोष्टी एकत्र असतात: मेंदूच्या निरोपाची कृत्रिम नक्कल, आणि डोपामिनचा लगाम सोडवणारे डोम्पेरिडोन, तेच डोम्पेरिडोन, जे आपल्याला उलटी थांबावी म्हणून डॉक्टर देतात. दर किलोला पाव ते अर्धा मिलिलिटर एकदाच टोचले की माशाची स्वतःची पीयूषिका आपला साठा मोकळा करते. बाहेरून ग्रंथी आणावी लागत नाही, कारण ती त्याच्या डोक्यात आधीच भरून तयार असते.

आता वाचकांनी पुन्हा त्या चढणीच्या रात्रीकडे पाहावे. व्हाळाला गढूळ लोंढा आला, नदीतले आणि कोंडीतले मासे त्याच्या उलट दिशेने वर निघाले, बांधावरून उड्या मारीत नांगरलेल्या मळ्यात, म्हणजे भातशेतात, शिरले. खवळे, मळये, शिंगट्या, मरळ, सगळेच. ते खायला आलेले नसतात. त्यांच्या डोक्यातला लगाम काही तासांपूर्वी सुटलेला असतो, संप्रेरकाचा लोंढा रक्तात उतरलेला असतो आणि अंडी अंडाशयापासून सुटू लागलेली असतात. ही अवस्था मागे नेता येत नाही. मासा तेव्हा सावध नसतो, उथळ पाण्यात पाठ उघडी टाकून पडतो, आणि म्हणून तर कोयतीने मारता येतो. एरवी भर पाण्यातल्या मरळाला कोयतीने कोण गाठू शकेल? आपण पकडतो तो मासा त्याच्या वर्षभराच्या तयारीच्या शेवटच्या काही तासांत पकडतो. श्रावणात तोच मासा पकडला तर एक मासा जातो. मृगाच्या रात्री पकडला तर गाबोळीसकट पुढच्या वर्षाचा व्हाळ जातो.

मरळाचे तर आणखी एक आहे. अंडी घातल्यावर आई-बाप दोघे त्यांची राखण करतात, आणि पिल्ले झाली की त्या लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका पाण्यावर हलत असतो व त्याखाली मोठा मासा फिरत असतो. आमच्या वाडीतली मुले तो पुंजका दिसला की खालच्या माशाला गळ टाकीत. मीही टाकला आहे. मोठा मासा निघाला की बाकीचे मासे तासाभरात पिल्ले संपवतात.

बाजारात मला अनेकदा विचारले जाई, की इंजेक्शनच्या माशांनी आमच्या लेकरांना काही होणार नाही ना. या प्रश्नाचे उत्तर नीट देणे आवश्यक आहे, कारण त्यातूनच वाढीच्या संप्रेरकाविषयीचा दुसरा गैरसमजही दूर होतो. इंजेक्शन दिले जाते ते विणीसाठी राखलेल्या मोजक्या नर-माद्यांना. बाजारात येतो तो त्यांच्या बियाण्यापासून वर्षभर कोंडा-पेंड खाऊन वाढलेला मासा, त्याला कोणी काही टोचलेले नसते. शिवाय पीयूषिकेची ही संप्रेरके प्रथिनांची बनलेली असतात, आणि तोंडावाटे गेलेले प्रथिन पोटात डाळीसारखे पचून जाते. माशाचे वाढीचे संप्रेरक तर माणसाच्या शरीरावर लागूच होत नाही. माणसाला माणसाचे किंवा वानरवर्गाचेच लागते. म्हणूनच मुलाची उंची वाढवण्यासाठी दुधात घालून प्यायच्या ज्या भुकट्या विकल्या जातात, त्यांतून वाढीचे संप्रेरक मिळण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या मुलांच्या पीयूषिकेतून ते खरोखरच कमी येते त्यांना ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुईनेच द्यावे लागते. ते मिळवण्याचा इतिहासही थरकाप उडवणारा आहे: १९५८ पासून मृत माणसांच्या पीयूषिका गोळा करून, म्हणजे आम्ही माशांच्या डोक्यांचे करीत होतो तसेच करून, हे औषध काढले जाई, त्यातून काही रुग्णांना मेंदूचा असाध्य रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि तेव्हापासून जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून बनवलेले शुद्ध संप्रेरक वापरात आले.

पालकांसाठी एवढेच सांगतो, कारण हे पत्र घरोघरी वाचले जाईल. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने खूण करावी, आणि दोन खुणांतले अंतर सातत्याने कमी भरले तर ‘आमच्या घराण्यात सगळे बुटकेच’ असे म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वाढीचे संप्रेरक सर्वाधिक सुटते ते रात्रीच्या गाढ झोपेत, तेव्हा मुलांची झोपही सांभाळावी. मुलगा-मुलगी वयात येतात ते हायपोथॅलॅमस पीयूषिकेला ठरावीक अंतराने निरोपाचे ठोके देऊ लागतो म्हणून. तेव्हा उंची झपाट्याने वाढते, आणि ज्या संप्रेरकांमुळे ती वाढते त्यांच्यामुळेच शेवटी हाडांची टोके जुळून उंची थांबते. वाढ आणि प्रजनन यांची सांगड माणसात अशी घातलेली आहे. मासा जन्मभर थोडाफार वाढत राहतो, परंतु अंडी भरू लागली की त्याचीही वाढ मंदावते, कारण अंगात येणारा कस गाबोळीकडे वळतो.

खाडीतला जिताडा याच सांगडीचे एक विलक्षण उदाहरण आहे. रायगडातल्या लोकांना त्याची किंमत सांगायला नको. हा मासा आधी नर म्हणून पक्व होतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. तेव्हा खाडीत लहान जिताडे कितीही असले तरी अंडी घालणाऱ्या असतात त्या मोठ्याच. आणि सणासुदीला मागणी असते तीही मोठ्याचीच. गोड्या पाण्यात वाढलेला जिताडा विणीसाठी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्याकडे उतरतो. वाटेत बांध आणि आडवी जाळी लागली तर त्याच्या डोक्यातल्या ग्रंथीने कितीही तयारी केलेली असो, ती फुकट जाते.

समुद्रात आपण हे थोडेफार मान्य केले आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि पूर्वी तर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. परंतु ती बंदी सागरी पाण्यापुरती आहे. मळ्यातल्या आणि व्हाळातल्या पाण्याला तसा आपणच घालून घेतलेला नेम नाही, आणि पोलीस किंवा मत्स्यव्यवसाय खात्याचा माणूस प्रत्येक व्हाळावर उभा राहणेही शक्य नाही. हा निर्णय वाडीनेच घ्यावा लागेल.

माझे म्हणणे कोणाचा घास तोडण्याचे नाही. रात्री दोन मासे कालवणाला नेणाऱ्या कातकरी कुटुंबामुळे किंवा शेतावरून येताना पाग टाकणाऱ्या शेतकऱ्यामुळे व्हाळ ओस पडत नाही. तो ओस पडतो व्हाळाच्या एका काठापासून दुसऱ्यापर्यंत खोईन (मासे धरायचा बांबूचा सापळा) लावून एकही मासा वर जाऊ न देण्याने, गावाबाहेरून गाड्या करून येऊन बारदाने भरून नेण्याने, आणि मे महिन्यात कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकण्याने. पाण्यात विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे. गावात हे सगळ्यांना माहीत असते, तरी कोणी बोलत नाही. कोंडीतला तो मासा म्हणजे पुढच्या चढणीचे बियाणे आहे, आणि कोंड विषारी झाल्यावर जूनमध्ये वर चढायला कोणी उरत नाही.

म्हणून ग्रामपंचायतींनी आणि वाडीच्या बैठकांनी पुढील गोष्टींचा विचार करावा अशी विनंती आहे. पहिल्या मोठ्या पुरानंतर आठ दिवस मळ्यात आणि व्हाळात मासे मारू नयेत. अंडी बहुतेक पहिल्या एक-दोन रात्रींतच पडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांतून पिल्ले बाहेर येतात, त्यामुळे हा काळ थोडा असला तरी उपयोगी पडतो. त्यानंतरही खोईन लावताना व्हाळाचा निदान तिसरा हिस्सा उघडा ठेवावा. पाणी अडवण्यासाठी हिवाळ्यात घातलेले कच्चे बंधारे पावसाआधी काढून टाकावेत, आणि जिथे सिमेंटचे बंधारे नव्याने होत आहेत तिथे माशाला चढता येईल अशी उतरती वाट ठेवण्याची मागणी ग्रामसभेत मांडावी. बंधारा झाल्यावर ती वाट करता येत नाही असे नाही, पण मग कोणी करीत नाही.

आणि ज्यांना चढणीच्या माशांची मजा सोडवत नाही त्यांना उतरणीची आठवण करून देतो. आमचे आजोबा भात पोटरीला आले, मळ्यातले पाणी ओसरू लागले, की बांधाच्या तोंडाला खोईन लावीत आणि मळ्यातून खाली उतरणारे मासे धरीत. तोपर्यंत मोठ्यांची वीण होऊन गेलेली असे, पिल्ले बोटाएवढी झालेली असत आणि खोईनीच्या बांबूंच्या फटींतून ती निसटून जात. त्या माशांच्या पोटात गाबोळी नसते हे खरे, पण टोपली भरायची. आमच्या वाडीत गेल्या दोन वर्षांपासून आम्ही पाच-सात घरांनी पुन्हा तसेच करायचे ठरवले आहे. यंदा मृगाला व्हाळ भरून आला त्या रात्री मी छत्री घेऊन मळ्याच्या बांधावर गेलो होतो. नांगरटीच्या सऱ्यांतून वीतभर पाण्यात खवळ्यांच्या पाठी चमकत होत्या, आणि बत्ती एकाच्याही हातात नव्हती.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त मत्स्यबीज केंद्र कर्मचारी,
जि. रत्नागिरी